बटण दाबण्याआधीचं काम

प्रिय विद्यार्थिनी,

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी तुला सामायिक उपकरण प्रयोगशाळेत आयटीसीवर, म्हणजे आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटरवर (दोन रेणू एकमेकांना बांधले जातानाची उष्णता मोजणाऱ्या मशीनवर), आठवड्यातून एकच स्लॉट मिळतो. पहिले तिन्ही रन वाया गेले आणि घरचे विचारतात, "एका मशीनची ऑपरेटर होऊन पुढे काय?" म्हणून प्रोजेक्ट बदलू का, असं तू विचारतेस.

बदलू नकोस. आधी ते तीन रन बघू. प्रत्येक इंजेक्शनला जवळजवळ सारखीच उष्णता दिसते आणि ती शेवटपर्यंत उतरत नाही, असं तू लिहिलं आहेस. लिगँड, म्हणजे प्रोटीनला बांधला जाणारा रेणू, तू डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंस, प्रोटीनच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मात्र डीएमएसओ नाही. मला तरी दोष तिथेच दिसतो. तू बहुतेक बंधनाची नव्हे, डीएमएसओ पाण्यात मिसळण्याची उष्णता मोजलीस. दोन्हीकडे डीएमएसओचं प्रमाण अगदी सारखं हवं. प्रोटीन डायलिसिस करून घे, म्हणजे पडद्याच्या पिशवीत घालून बफरमध्ये ठेव, आणि त्याच डायलिसिसच्या बाहेरच्या बफरमध्ये लिगँड बनव. नुसत्या बफरमध्ये लिगँड सोडून एक कंट्रोल रनही घे.

मशीन सामायिक आहे, त्यामुळे आधीच्या माणसाचं प्रोटीन सेलला, म्हणजे मोजणीच्या कप्प्याला, चिकटलेलं असू शकतं. स्लॉटची सुरुवात पाण्यात पाणी टायट्रेट करून कर. रेषा सपाट आली तरच पुढे जा.

तीव्रता कागदावर ठरव. सेलमध्ये प्रोटीन २० मायक्रोमोलर, सिरिंजमध्ये लिगँड त्याच्या दहापट आणि अंदाजे केडी (बंधन किती घट्ट ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं घट्ट) १ मायक्रोमोलर असेल, तर सी-मूल्य, म्हणजे प्रोटीनची तीव्रता भागिले केडी, २० येतं. १० ते १०० मध्ये आलेख छान एस-आकाराचा मिळतो. केडी १ नॅनोमोलर असेल तर तोच आलेख काटकोनी पायरीसारखा येईल आणि केडी नीट काढता येणार नाही. ३० किलोडाल्टनच्या प्रोटीनला ३०० मायक्रोलिटरसाठी जेमतेम ०.१८ मिलिग्रॅम लागतं, पण ते शुद्ध हवं आणि त्याची तीव्रता अचूक मोजलेली हवी. ती चुकली की एन-मूल्यही (एका प्रोटीनला किती लिगँड बांधले जातात तो आकडा) चुकतं.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. फक्त मशीन चालवता येणं, एवढ्यावर नोकरी मिळणं कठीण, हे त्यांचं बरोबर आहे. पण एकाच प्रयोगातून केडी, एन्थाल्पी (बंधनाची उष्णता) आणि एन-मूल्य काढणारी, आकडा खोटा कधी आहे हे ओळखणारी मुलगी औषध-शोधाच्या बायोफिजिक्स गटात, संशोधन संस्थांच्या उपकरण केंद्रांत, उपकरण कंपन्यांच्या अ‍ॅप्लिकेशन विभागात उपयोगी पडते. या प्रोजेक्टमध्ये प्रोटीन शुद्धीकरण मनापासून शीक, जमल्यास सीडी (प्रोटीनची घडण तपासणारी पद्धत) आणि एसपीआर (बंधन मोजणारी दुसरी पद्धत) हेही बघून ठेव. नेट-जेआरएफची तयारी सोबत चालू दे. दुसऱ्या संस्थेतलं उपकरण हवं असेल तर आय-स्टेम पोर्टलवर शोध. देशभरातली सामायिक उपकरणं तिथे नोंदवलेली असतात.

पुढच्या स्लॉटला प्रोटीन नेऊच नकोस. पाण्याचा रन झाला की कॅल्शियम-ईडीटीएचं चाचणी टायट्रेशन कर; त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. तो आलेख नीट आला, तर मशीन ठीक आहे आणि तुझा हातही. मग प्रोटीनचा नंबर.