औषधांची शंभर नावं पाठ करायची कशी?

प्रश्न असा आहे: "बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्मकॉलॉजीचा पेपर महिन्यावर आलाय. औषधांची नावं, ग्रुप आणि डोस लक्षातच राहत नाहीत. पाठांतराची सोपी पद्धत सांगा."

नावांचं शेवटी सांगते, तेही थोडक्यात. डोस मात्र पाठ करूच नका. डोस काढायचा असतो. "लेबल वाचून औषध भरणारी नर्स कच्ची, पक्कीच्या हातात सगळं बसलेलं असतं," असं म्हणणारी एक तरी सीनियर तुम्हाला भेटेल. माझ्या वॉर्डात होती. "मोठ्याला एक, पोराला अर्धं" हा तिचा सगळ्या औषधांना लागू असलेला फॉर्म्युला.

एक केस सांगते. देवगडच्या बाजूला पहिला पाऊस पडला की कातळाच्या सड्यावरची फुरशी (छोटे विषारी साप) बाहेर निघतात. जांभ्याचा दगड उचलायला गेलेलं पोर, हाताच्या बोटाला दंश, वजन १७ किलो. सोबतच्या आजीचं एकच चाललेलं, "सिस्टर, आधी धनुर्वाताचा इंजेक्शन मारा मां!"

फुरसं चावलं की रक्ताची गोठण्याची ताकद जाते. म्हणून पहिलं काम काचेच्या नळीचं. शिरेतून २ मिली रक्त काढायचं, काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घालायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. साबणाने धुतलेली काचही चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि पेशंटला गरज नसताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, जातं. या पोराचं रक्त वाहिलं.

डॉक्टरांची ऑर्डर १० व्हायल एएसव्ही. सीनियर म्हणाल्या, "पोर आहे, पाच भर."

डोसचा खरा धडा इथे आहे. पॅरासिटामॉल शरीरावर काम करतं, म्हणून किलोमागे १५ मिग्रॅ. १७ किलोला २५५ मिग्रॅ, म्हणजे ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या सिरपचा एक चमचा. एएसव्ही काम करतं विषावर. फुरसं दात मारताना समोरच्याचं वजन बघत नाही. मोठ्याच्या अंगात जेवढं विष सोडतं तेवढंच पोराच्या अंगात सोडतं. उलट लहान अंगात ते जास्त दाट पसरतं. म्हणून पोरालाही तेवढ्याच व्हायल. वजनाप्रमाणे बदलतं ते पाणी. किलोमागे ५ ते १० मिली, म्हणजे १७ किलोला जास्तीत जास्त १७० मिली. दहा व्हायल विरघळवल्यावर १०० मिली होतात. त्यात ७० मिली एनएस (साधं सलाइन) घातलं की झाले १७०. मोठ्याच्या सवयीने ५०० मिलीची बाटली लावली असती तर पोराच्या अंगात भलतंच पाणी गेलं असतं.

व्हायल विरघळवायचीही रीत आहे. आत पांढरी वडी असते. १० मिली डिस्टिल्ड वॉटर जोराने वडीवर मारायचं नाही, काचेच्या कडेने सोडायचं. मग व्हायल दोन तळव्यांत धरून फिरवायची. हलवायची नाही! ते प्रथिन आहे. ताक घुसळल्यासारखं हलवलंत तर फेस येतो, फेसातलं प्रथिन बिघडतं आणि दहातले सात-आठ मिलीच सिरिंजमध्ये येतात. सीनियरनी घाईत दोन व्हायल घुसळल्या. फेस बसेपर्यंत वाट बघत बसलो, वर "आमच्या वेळी असंच करायचो" हेही ऐकून घेतलं.

पुढे थेंब. १७० मिली, ६० मिनिटं, ड्रिपचा सेट मिलीला २० थेंबांचा. १७० गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ५७ थेंब. सेटचं पाकीट वाचा, कारण १५ थेंबांचा सेटही येतो आणि मग उत्तर ४३ होतं. पहिली १०-१५ मिनिटं याहून हळू सोडायचं आणि पोराजवळून हलायचं नाही.

ड्रिप सुरू करायच्या आधी, रिअॅक्शन आली तर लागणारं अॅड्रिनलिन भरून, सिरिंजवर नाव लिहून ट्रेमध्ये ठेवायचं. अँप्यूलवर १:१००० लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ. किलोमागे ०.०१ मिग्रॅ, तर १७ किलोला ०.१७ मिग्रॅ, म्हणजेच ०.१७ मिली. १ मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजवर छोट्या १७ रेघा. मोठ्या माणसाला ०.५ मिली. यात "पोराला अर्धं" लावून बघा, ०.२५ होतं. केस पेपरवर लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच. नुसतं .१७ लिहिलं आणि टिंब पुसट उठलं तर वाचणारा १७ वाचतो.

एएसव्हीची चामडीत टेस्ट डोस देऊन बघायची पद्धत सोडून द्या. कुणाला रिअॅक्शन येणार हे त्यावरून कळत नाही आणि वेळ मात्र जातो. या पोराला विसाव्या मिनिटाला पोटावर गांधी उठल्या, खाज सुटली. ड्रिप बंद, ०.१७ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. रिअॅक्शन बसल्यावर तीच ड्रिप पुन्हा हळू सुरू केली. रिअॅक्शन आली म्हणून एएसव्ही सोडून देत नाहीत.

सीनियरना इथे संधी मिळाली. "रक्त गोठत नाही म्हणून आजीला धनुर्वाताच्या इंजेक्शनला नाही म्हणालीस, आणि आता स्वतः स्नायूत मारलंस?" बरोबर, मारलं. गोठण बिघडलेली असताना स्नायूत टोचलं की आत रक्त साकळतं, म्हणून जे थांबू शकतं ते थांबवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठायला लागल्यावर दिलं तरी चालतं. अॅड्रिनलिन थांबू शकत नाही. बारीक सुई आणि नंतर जागा दाबून धरणं, एवढीच काळजी. "आयएम (स्नायूत) द्यायचं की नाही" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं औषध आणि कशासाठी हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सहा तासांनी नळी पुन्हा लावली. तिरकी केली तर रक्त जागचं हललं नाही.

डोसइतकंच एकक बघायला शिका. इन्सुलिनची व्हायल आपल्याकडे बहुतेक १ मिलीत ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० च्या इन्सुलिनची. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर आत गेले ८ युनिट. उलटं केलंत तर २० च्या जागी ५०, आणि पहाटे पेशंट घामाने डबडबलेला सापडेल. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिली अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतात. ते शिरेतून थेट कधीच नाही. लटकत्या बाटलीत घातलंत तर जड असल्यामुळे ते तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिलींतच पेशंटला जातं. बाटली स्टँडवरून काढा, उलटीपालटी करा, मग लावा. सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक आरएल सलाइनमध्ये घालू नका, त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो.

आता नावं. शेपट्या धरा. 'ओलॉल' आलं की बीटा ब्लॉकर, देण्याआधी नाडी मोजा. 'प्रिल' आलं की बीपीचं औषध, त्याने होणारा कोरडा खोकला आणि वाढणारं पोटॅशियम. 'सार्टन' त्याचंच भावंड, पण खोकला क्वचित. 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचं, पेशंटला स्नायूदुखी विचारा. 'प्राझोल' अॅसिडिटीचं, जेवणाआधी. शेपट्या फसवतातही. प्राझोसिन हे प्राझोलचं कुणी नाही. ते रक्तवाहिन्या सैल करतं. विंचूदंशावर ते वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातली कितीतरी पोरं वाचवली. डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, १७ किलोला ५१०, म्हणजे १ मिग्रॅची अर्धी गोळी. इथे "पोराला अर्धं" योगायोगाने जुळतं, आणि अशा योगायोगांवरच ते फॉर्म्युले जगतात. दिल्यावर पेशंटला उभं करू नका, बीपी पडतं. हळू विरघळणारी जात असेल तर ती गोळी तोडायची नाही.

एक राहिलं. हे आकडे हिशोब समजावा म्हणून दिलेत. प्रत्यक्षात डॉक्टरांची ऑर्डर आणि तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल चालतो, आणि विद्यार्थिनीने यातलं काहीही स्टाफशिवाय एकटीने द्यायचं नाही. शिवाय आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरतंच. आंबोलीकडचा हिरवा चापडा हा साप त्यात येत नाही, तिथे दहा व्हायल घालूनही उपयोग नाही.

त्या सीनियरनी सकाळी रजिस्टरमध्ये १० व्हायलची नोंद स्वतःच्याच अक्षरात केली. फॉर्म्युला मात्र निवृत्त होईपर्यंत सोडला नाही.