शेजारी कोण झोपतं, ते आधी विचार

प्रिय,

एम.डी. झाल्यावर मुलांच्या झोपेच्या विकारांत पुढचं शिक्षण घ्यावं का, असं तू विचारलंस. जरूर घे. आपल्याकडे ही मुलं कान-नाक-घसा, मेंदूविकार आणि मानसोपचार अशा तीन दारांत फिरत राहतात. त्यांची रात्र सबंध ऐकून घेणारं माणूस त्यांना भेटत नाही. ते माणूस तू हो.

स्लीप लॅबच्या तारा लावण्याआधी प्रश्न विचारायला शिक. मूल किती वाजता झोपतं, हे सगळेच विचारतात. शेजारी कोण झोपतं, हे तू विचार. आपल्या घरांत बहुधा आजी झोपते, आणि ओपीडीत येतात आईवडील. आजीला फोन लावायला सांग. मूल तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी भिजते, घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो, हे तिने पाहिलेलं असतं. घरात मात्र ‘बापावर गेलाय’ म्हणून कौतुकाने सोडून दिलेलं असतं.

रोज रात्री घोरणाऱ्या मुलाला कधीही हलक्यात घेऊ नकोस. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) श्वासमार्गाच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे झोपेत श्वास अडण्याचा त्रास याच वयात जास्त दिसतो. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो. मूल बरेचदा उलट वागतं: चुळबुळ, चिडचिड, वर्गात लक्ष नाही. एडीएचडीचा (अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याच्या विकाराचा) शिक्का मारण्याआधी रात्रीची चौकशी झालीच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे.

शंका पक्की करायला मात्र रात्रभराची पॉलिसोमनोग्राफी, म्हणजे लॅबमधली झोपेची तपासणी, लागते, आणि तिचा अहवाल मोठ्यांच्या मापाने वाचला तर घात होतो. मोठ्यांमध्ये तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर आपण त्याला आजार म्हणत नाही. मुलांमध्ये हा आकडा एकाच्या वर गेला तरी विचार करावा लागतो. लॅबने ‘नॉर्मल’ लिहिलं म्हणून फाईल बंद करू नकोस. मूळ नोंद स्वतः बघ.

पायांचंही विचार. ‘रात्री पाय दाबून मागतो’ हे वाक्य ऐकलंस की वाढीचं दुखणं म्हणून मोकळी होऊ नकोस. पाय वळवळतात का, हलवले की बरं वाटतं का, आईवडिलांपैकी कोणाला तसं होतं का, ते बघ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपास. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ५०च्या खाली असू शकतं, आणि अशा मुलाला लोह दिल्याने फरक पडू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अशा देशात ही तपासणी आपण विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

मध्यरात्रीच्या आत किंचाळून उठणारं, कोणाला न ओळखणारं आणि सकाळी काहीच न आठवणारं मूल घरच्यांना ‘बाहेरचं’ वाटतं. त्यांनी दृष्ट काढली असेल तर हसू नकोस. मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांग. एकाच रात्री अनेकदा आणि दर वेळी हुबेहूब तेच घडत असेल, तर फिट्सचा विचार कर.

परदेशी पुस्तकं मुलाला वेगळ्या खोलीत झोपवायला सांगतात. चाळीतल्या एका खोलीत ते सांगू नकोस. तिथे टीव्ही कधी बंद होतो, बाबा किती वाजता जेवतात, यावरच बोलावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, आणि सकाळच्या शाळेला बस पहाटे येते. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. पाचवीच्या पुढची मुलं त्यात नाहीत, हे लक्षात ठेवून सल्ला दे.

झोपेसाठी सर्दीचं सिरप देणारी घरं तुला भेटतील. आईला रागावू नकोस, ती स्वतः कित्येक रात्री झोपलेली नसते. पण ते बंद कर. त्यात प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं औषध असेल तर दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास मंदावू शकतो.

शेवटी शस्त्रक्रियेबद्दल. २०१३ साली अमेरिकेत ४६४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांची सात महिन्यांनंतरची झोपेची तपासणी ठीक आली, नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे सौम्य त्रासात थोडं थांबता येतं, आणि ऑपरेशननंतरही काही मुलांचा त्रास उरतो. लठ्ठ आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो जास्त उरतो. ‘टॉन्सिल काढले, आता काय’ म्हणून ही कुटुंबं पुन्हा फिरकत नाहीत. त्यामुळे ऑपरेशनला पाठवतानाच पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर लिही, आणि ती आजीलाही सांग.

तुझे,
सर