संगणकातील ‘कोटा’, ‘लिमिट’ आणि ‘स्कोप’ : मराठीत काय म्हणावे?

नाशिकच्या अंबड भागात एका संगणक कंपनीत काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, क्युबरनेटीसची (अनेक संगणकांवर कामे वाटून चालवणाऱ्या प्रणालीची) माहितीपुस्तिका मराठीत लिहिताना त्यांनी ‘कोटा’, ‘लिमिट’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘वेट’ या चारही शब्दांना ‘मर्यादा’ लिहिले, वाचणारे गोंधळले, आणि ‘हायरार्किकल स्कोप’ला तर शब्दच सुचेना, तेव्हा काय लिहावे?

गोंधळ होणारच होता, कारण या चार गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि मराठीत त्यांना निरनिराळे शब्दही आहेत. ते संगणकाच्या परिभाषेत शोधण्यापेक्षा सातबाऱ्यावर आणि पाटावर शोधले तर लवकर सापडतात.

प्रथम ‘वेट’ घेऊ. लिनक्समध्ये चालू कामांचे गट करून त्यांना संगणकाची साधने वाटून देणारी ‘सीग्रूप’ नावाची सोय आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाला प्रोसेसरसाठी 1 ते 10000 यांपैकी एक आकडा देता येतो आणि न दिल्यास तो 100 धरला जातो. या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही. तो फक्त शेजारच्या गटांशी असलेले प्रमाण सांगतो. एकाला 300 आणि दुसऱ्याला 100 दिले, तर दोघेही कामात असताना पहिल्याला बारा आणे आणि दुसऱ्याला चार आणे वेळ मिळतो. मी मुद्दाम आणे म्हणालो, कारण सामाईक विहिरीतला हिस्सा आपल्या जुन्या कागदपत्रांत असाच लिहिलेला असतो. आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या घरच्या विहिरीवर थोरल्या काकांचे आठ आणे आणि धाकट्या दोघांचे चार-चार आणे होते. धाकट्यांपैकी एकाने त्या हंगामात पीकच घेतले नाही, तर त्याची पाळी उरलेले दोघे वापरत, पाणी अडवून ठेवत नसत. सीग्रूपमधले वजनही नेमके असेच वागते. म्हणून येथे ‘हिस्सा’ लिहावे, ‘मर्यादा’ मुळीच नको.

‘लिमिट’ला मात्र ‘कमाल मर्यादा’ हा शब्द योग्य आहे. शेजारी रिकामे बसले असले तरी ती ओलांडता येत नाही. प्रोसेसरची मर्यादा गाठली तर काम रेंगाळते, आणि मेमरीची मर्यादा ओलांडली तर ती प्रक्रियाच बंद पाडली जाते. हा फरक पुस्तिकेत स्पष्ट लिहावा. पोटगटांच्या कमाल मर्यादांची बेरीज वरच्या गटाच्या मर्यादेपेक्षा जास्त असली तरी चालते. सगळ्या पोटचाऱ्या एकाच वेळी भरून वाहतील एवढे पाणी वरच्या चारीत कुठे असते?

‘रिक्वेस्ट’ या शब्दाचे भाषांतर ‘विनंती’ केले तर वाचक फसतो, कारण पॉड, म्हणजे क्युबरनेटीसमधील कामाचा सर्वांत लहान घटक, कोणत्या यंत्रावर ठेवायचा हे ठरवताना तेवढी जागा त्याच्या नावावर धरून ठेवली जाते. धरणातले पिण्याचे पाणी जसे राखीव, तसाच हा ‘राखीव वाटा’.

‘कोटा’ आहे तसाच ठेवावा. पाणीवापर संस्थांच्या कागदांत ‘पाणी कोटा’ रूढ आहे आणि रेशनमुळे तो घरोघरी पोहोचला आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्या भाषेतील ‘क्वोत्’ आणि संस्कृतातील ‘कति’ हे सगोत्र शब्द आहेत. ‘एकूण किती’ हाच त्याचा गाभा आहे. क्युबरनेटीसमध्येही कोटा एका पॉडचा नसून अख्ख्या नेमस्पेसच्या, म्हणजे पॉड ज्यात मांडलेले असतात त्या नाव दिलेल्या विभागाच्या, बेरजेचा असतो. बेरीज पुढे जाणार असेल तर नवा पॉड नाकारला जातो. मात्र कोटा नंतर कमी केला, तरी आधीपासून चालू असलेल्या पॉडना धक्का लागत नाही.

आता ‘स्कोप’. ‘व्याप्ती’ शब्द विषयाला किंवा अर्थाला शोभतो. येथे प्रश्न कोणाचा नियम कुठपर्यंत चालतो हा आहे आणि त्यासाठी ‘पंचवटी पोलीस ठाण्याच्या हद्दीत’ असे आपण रोज वाचतो. ‘हद्द’ लिहावे, फक्त त्याच परिच्छेदात ती मर्यादेच्या अर्थाने वापरू नये.

‘हायरार्किकल’साठी अनेकजण ‘उतरंड’ सुचवतात. शब्द सुंदर आहे, पण उतरंडीत एक मडके दुसऱ्यावर बसते, दुसऱ्याच्या आत नाही. आपल्याला आतलेपणा हवा आहे आणि मराठीने त्यासाठी ‘पोट’ दिले आहे: पोटचारी, पोटकलम, पोटहिस्सा. सीग्रूपमधील आतल्या गटाला ‘पोटगट’ आणि हडूप या मोठ्या माहितीसाठ्यावर काम करणाऱ्या प्रणालीत साधने वाटणाऱ्या ‘यार्न’मधील आतल्या रांगेला ‘पोटरांग’ म्हणावे. यार्नच्या क्षमतेनुसार वाटपात एका रांगेतील पोटरांगांच्या टक्क्यांची बेरीज नेहमीच्या मांडणीत 100 भरावी लागते. ही अट पोटहिस्स्यांच्या क्षेत्राची बेरीज सातबाऱ्यावरील गटाच्या क्षेत्राशी जुळवणाऱ्या कोणत्याही खातेदाराला लगेच कळेल. क्युबरनेटीसमध्ये मात्र एका नेमस्पेसच्या आत दुसरा नेमस्पेस नसतो, त्यामुळे ‘पोटनेमस्पेस’ असा शब्द घडवू नये.

आपण पाठवलेले वाक्य होते: ‘प्रत्येक व्याप्तीला मर्यादेची मर्यादा असते.’ त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘प्रत्येक नेमस्पेसच्या हद्दीत सर्व पॉडच्या राखीव वाट्यांची बेरीज आणि त्यांच्या कमाल मर्यादांची बेरीज, या दोन्ही त्यांच्यासाठी ठरवलेल्या कोट्यांच्या आत राहिल्या पाहिजेत.’