यादी एकट्या तुमची कशी?

प्रिय ताई,

तुम्ही लिहिलंय : "डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जाते. सकाळी डायरीत कामांची यादी करते. रात्री बघावं तर निम्मी कामं तशीच. छातीत धडधडतं. घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांचं सगळं मीच करावं अशी अपेक्षा असते. मी कमी पडतेय का?"

नाही, अजिबात नाही. डायरीच्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. पहिलीच ओळ आहे, 'आईंचं बघणे'. हे काम कधी संपायचं? त्यावर काट मारणार तरी कशी? त्याऐवजी 'आईंच्या बीपीच्या गोळ्या, शनिवारी, स्टेशनवरून येताना' असं लिहा. 'मुलाचा अभ्यास' याचंही तसंच. मंगळवारी जेवणानंतर भूमितीचं एक प्रकरण, एवढंच.

आणि यादी सकाळी नको, रात्री करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे, ५७ तरुणांवरचा. झोपण्याआधी पाच मिनिटं ज्यांनी पुढची कामं लिहून काढली, त्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

पण ताई, नुसती यादी सुधारून भागणार नाही. त्या पानावर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नावच नाही, मला खरी काळजी त्याची वाटते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८.

रविवारी नाश्ता झाला की यजमानांसमोर डायरी ठेवा. 'जरा मदत करत जा' म्हणू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं. "लाइट बिल, गॅसचा नंबर लावणं आणि क्लासची फी आजपासून तुझ्याकडे. मी आठवण करणार नाही," असं स्पष्ट सांगा. मग खरंच करू नका. सुरुवातीलाच औषधं मात्र सोपवू नका. तिथे विसरलं तर त्रास आईंना होईल. बिल राहिलं तर फार तर दंड बसेल. तो बसू दे.

पोळ्यांना बाई लावली तर आईंना आवडणार नाही, असं लिहिलंयत. त्यांना विचारलंयत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. एकदा शांतपणे विचाराच. कदाचित त्यांना गरम पोळीपेक्षा तुम्ही संध्याकाळी दहा मिनिटं शेजारी बसावं असं वाटत असेल. नाहीच म्हणाल्या, तरी काय हवंय ते निदान कळेल.

ऑफिसात साडेपाचला साहेब "हे जरा बघून घ्या" म्हणतात, तेव्हा तिथल्या तिथे विचारा, "आज हवंय की उद्या दुपारपर्यंत चालेल?" यात उद्धटपणा काही नाही. बऱ्याच वेळा उद्या चालतं.

धडधडीचं मात्र अंगावर काढू नका. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बीपी, थायरॉइड तपासून घ्या. मन फारच जड झालं तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमची,
मावशी