जेवण झालं की ती बाथरूममध्ये का जाते?

"मॅडम, पोळ्या, भात, फ्रिजमधलं श्रीखंड, सगळं संपवते आणि मग बाथरूमचं दार लावून ओकून टाकते. हा कसला हट्ट?" दादर, ठाणे, डोंबिवली, कुठूनही माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आया थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून स्वरालीबद्दल लिहिते. नाव आणि तपशील बदलले आहेत.

वय १९. वजन बेताचं, त्यामुळे घरात बरेच दिवस कुणाला संशयही आला नाही. तिचं एकच पालुपद, "माझा स्वतःवर ताबाच नाही." एका लग्नात मावशी "अंग धरलंयस हं" म्हणाली आणि डाएट सुरू झालं. पण ताबा सुटून खायचं आणि मग ओकून टाकायचं, हा आजार, म्हणजे बुलिमिया, एका वाक्याने होत नाही. अनुवंश, सगळं अचूकच हवं असा स्वभाव, चिंता, बारीक अंगाचं सतत होणारं कौतुक, असं बरंच काही आधीपासून साचलेलं असतं. हे मी आईला पहिल्याच दिवशी सांगते. बहुतेक आया अपराधी मनाने आलेल्या असतात.

भूतकाळ उकरण्याआधी जेवण मार्गी लावायचं, यावर मी ठाम आहे. स्वरालीला फक्त वही ठेवायला सांगितली: कधी खाल्लं, काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत.

पुढच्या भेटीत वही उघडली.

"सकाळी?"

"ब्लॅक कॉफी."

"दुपारी?"

"काकडी. डबा मैत्रिणीला दिला."

"आणि ताबा सुटतो कधी?"

"रात्री आठला. लोकलमधून उतरले की."

मी तिला १९४४-४५ मधला मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, आणि पुन्हा खायला मिळाल्यावर काहींना थांबताच येईना. डाएटआधी त्यांच्या मनात काही बिघाड नव्हता.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "म्हणजे मी रात्री हावरट नसते. मी दिवसभर उपाशी असते."

हे तिचं तिने म्हटलं, आणि त्यासाठीच मी वही लिहायला लावते. ओकणं बंद कर असं मी सांगत नाही. आधी उपास मोडायला लावते. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा खाणं, चार तासांहून जास्त खंड नाही. परतीच्या लोकलमध्ये शेंगदाण्याची चिक्की ठरली. ती घाबरली होती, पण महिन्याभरात रात्रीचे प्रसंग कमी झाले. वजन तिला वाटलं होतं तसं भराभर वाढलं नाही. उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. मावशीचं वाक्य, आरशाची भीती, हे त्यानंतर बोलता आलं. पोट रिकामं असताना असं बोलणं डोक्यात शिरत नाही.

आईला दोनच कामं दिली: जेवणानंतर तासभर तिच्याजवळ बसायचं, आणि कुणाच्याच जाड-बारीक असण्याबद्दल बोलायचं नाही, स्वतःच्याही.

सोबत मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. बुलिमियात फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाचा उपयोग होतो. उलट्यांमुळे दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, झिजतं, तेही दाखवून घ्या. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलीला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.