रीमॅप केल्यावर गाडीची वॉरंटी पूर्ण जाते का?

दीड वर्षाची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलून ताकद वाढवणं) आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर) करायचंय, वॉरंटी सगळी जाते की फक्त इंजिनाची, असा तुमचा प्रश्न. खाली हळूच जोडलंय, 'डीलरकडे न्यायच्या आधी स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल परत टाकली तर कळतं का?' ते वाचलं आणि मला थेट माझा साडू आठवला.

कळतं. आता कसं ते ऐका.

२०२१ च्या दसऱ्याला मी डिझेल सेदान घेतली. वर पैसे भरून एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली. पुढच्या मे महिन्यात साडू त्याच्या ओळखीच्या एका ट्यूनरकडे घेऊन गेला. कागदावर २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, होता, तो पोरगा म्हणाला ३१० देतो. दिला. खोटं कशाला बोलू, पहिले तीन महिने गाडी चालवताना मी एकटाच हसत असायचो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की सीट पाठीवर थाप मारायची.

ऑगस्टमध्ये पुण्याला निघालो होतो. मागे बायको आणि सासूबाई, डिकीत फराळाचे डबे. खोपोलीच्या पुढे घाट चढताना, पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता त्याच्या आसपास, आरपीएमचा काटा चार हजारांवर आणि गाडी चाळीसवर. मग तो वास. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी करपतंय." करपत होता क्लच.

टोइंगने गाडी मुलुंडला बिल्डिंगमध्ये आणली. साडूला फोन केला तर म्हणे, घाबरू नकोस, स्टॉक फाइल टाकून घे, कोणाच्या बापाला कळणार नाही. रात्री साडेदहाला तो ट्यूनर लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये आला. बोनेट उघडं, बॅटरीला चार्जर, वॉचमन टॉर्च धरून उभा. वीस मिनिटांत गाडी 'कोरी' झाली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने केबल लावली आणि टॅबलेट माझ्याकडे वळवला. "सर, प्रोग्रॅमिंग काउंटर दोन दाखवतंय. आमच्याकडून एकदाही झालेलं नाही." म्हणजे फाइल दोनदा टाकली गेली: एकदा रीमॅप, एकदा स्टॉक. लपवायला गेलो तोच पुरावा झाला. सगळ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये असा काउंटर वाचता येतो असं नाही. पण तुमच्या गाडीत तो आहे की नाही हे तुम्हाला ट्यूनर सांगणार, आणि ट्यूनरला तुमच्याकडून पैसे घ्यायचे आहेत.

गिअरबॉक्स उतरवल्यावर त्यांनी क्लच प्लेट वर्तमानपत्रावर ठेवून दाखवली. अस्तर रिव्हेटपर्यंत घासलेलं, क्लच ज्यावर दाबला जातो ते फ्लायव्हील तापून जागोजागी निळं पडलेलं. क्लेम रिजेक्ट. क्लच, फ्लायव्हील आणि मजुरी मिळून ६८ हजार मी भरले. तेव्हा माझा वाद नव्हता, आजही नाही. २५० च्या हिशेबाने बनवलेल्या क्लचवर मी ३१० टाकले. शिवाय क्लच प्लेट झिजणाऱ्या भागांत मोडते, तिच्यासाठी भांडणं तसंही कठीणच.

भांडण लागलं ते पुढच्या एप्रिलमध्ये. एसीची कूलिंग कॉइल लीक झाली. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, तुमच्या गाडीला सिस्टीममध्ये वॉरंटी व्हॉइड लागलंय." अरे बाबा, ईसीयूतल्या फाइलने डॅशबोर्डमागच्या कॉइलला भोक पडतं का? मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, नकाराचं कारण जॉब कार्डवर लिहून द्या, कुठल्या बदलामुळे कुठला भाग गेला ते. लिहून द्यायला कोणी तयार होईना. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोळाव्या दिवशी कॉइल फुकट बदलून मिळाली.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: रीमॅपने इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यांच्या वॉरंटीवर पाणी सोडा. दरवाजाची काच, स्पीकर, एसीसाठी भांडा. मात्र त्याआधी वॉरंटीच्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचा, कारण 'मॉडिफिकेशन' शब्दाची व्याप्ती प्रत्येक कंपनीची वेगळी. वायरिंग कापून हॉर्न किंवा लाइट लावले असतील तर इलेक्ट्रिकलचीही आशा सोडा. आणि निर्णय डीलरचा नसतो, कंपनीचा असतो. काउंटरवरच्या पोरावर ओरडून काही होत नाही, त्याचा पगार आपल्या क्लचवर ठरत नाही.

साडू मला व्हिडिओ पाठवतो, अमेरिकेत बिघाड बदलामुळेच झाला हे डीलरलाच सिद्ध करावं लागतं म्हणून. तो कायदा १९७५ चा आहे, मॅग्नसन-मॉस, आणि तो अमेरिकेतच लागतो. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण गाडीची किंमत त्यापुढेच जाते, आणि तारखा तर पडतातच. साडूचं म्हणणं अजून हेच की मी नीट भांडलो असतो तर क्लचही मिळाला असता. नसता मिळाला! निळं फ्लायव्हील मी पाहिलंय, तो त्या दिवशी लोणावळ्याला होता.

ताकद वाढवायला बाहेरून जोडायच्या, काढता येणाऱ्या ट्यूनिंग बॉक्सचंही तेच. डबा काढाल, त्याने घासलेला टर्बो तिथेच राहतो.

हो, कायद्याचं राहिलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एक्झॉस्टच्या नादात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या क्लेमच्या वेळी वर येतो, ती डोकेदुखी वॉरंटीपेक्षा मोठी.

मला विचाराल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. थांबवत नसेल तर निदान मूळ एअर फिल्टर बॉक्स आणि सायलेन्सर विकू नका. माझा फिल्टर बॉक्स माळ्यावर आहे. गेल्या गणपतीत साडूने मागितला होता, त्याच्या गाडीला बसतो म्हणे. दिला नाही.