कापाडोकियातला बलून शेवटच्या सकाळी ठेवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. नोव्हेंबरच्या मध्यात आई-वडिलांना घेऊन तुर्कस्तानातल्या कापाडोकियात दोन रात्री, गरम हवेच्या बलूनची सैर दुसऱ्या म्हणजे निघायच्या सकाळी, आणि त्याच दिवशी साडेअकराला कायसेरीहून इस्तंबूलचं विमान. एजंटने ‘शेवट गोड व्हावा’ म्हणून असं बसवून दिलंय. तुम्ही विचारताय की बास्केट, म्हणजे बलूनखालची माणसांची टोपली, मोठी स्टँडर्ड घ्यावी की महागातली छोटी, आणि आईसाठी कपडे कोणते न्यावेत. दोन्ही सांगते, पण खाली. आधी ती शेवटची सकाळ बदलून घ्या. आज फोन करता आला तर आजच करा.

आमचा कार्यक्रम असाच होता, फक्त एक रात्र जास्त. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. ट्रिप मुळात बाबांसाठीच. कुठल्याशा दिवाळी अंकात कापाडोकियातल्या गोरेमे गावाच्या दऱ्यांवर तरंगणाऱ्या बलूनवर फोटोंसह लेख आला होता, ते पान त्यांनी कापून डायरीत ठेवलं होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, हे मात्र मागितलं.

ज्या ऑफिसातून बुकिंग केलं (नाव घेत नाही, कृपया विचारूही नका) त्यांनी बलून तिसऱ्या सकाळी टाकला. मी विचारलं होतं, वारा असला तर काय करायचं? उत्तर मिळालं, “मॅडम, तिथे रोज उडतात.” मी पुढे काहीच विचारलं नाही. सगळ्या ट्रिपमध्ये सर्वांत महाग पडलेली गोष्ट कुठली असेल तर ती ही.

पहिल्या सकाळी आम्ही हॉटेलच्या गच्चीवर चहाचे ग्लास घेऊन उभे होतो आणि समोरच्या दरीतून एकामागून एक बलून वर येत होते. चहाची वाफ सरळ वर जात होती इतकी हवा पडलेली. बाबा मोजत होते, साठाच्या पुढे त्यांची गणती चुकली. दुसऱ्या सकाळीही तसंच. दोन्ही दिवशी आम्ही फोटो काढले, “आपलं परवा, आपलं उद्या” म्हटलं, नाश्ता केला आणि फिरायला निघालो. दुसऱ्या दिवशी देरिनकुयूचं भुयारी शहर केलं. ते दुपारी केलं असतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या सकाळी पाचला व्हॅन आली. बाबा साडेतीनपासून टोपी-मफलर घालून तयार. बलूनवाल्यांच्या ऑफिसात सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली आणि बसवून ठेवलं. तिथे झेंड्यांची भाषा चालते: हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. पाऊण तास पिवळा होता. मग लाल.

हे नीट समजून घ्या, कारण मला तेव्हा समजलं नव्हतं आणि मी बलूनवाल्यांच्या ऑफिसातल्या बिचाऱ्या पोरावर चिडले. हा निर्णय बलून कंपनीचा नसतो. तुर्कस्तानचं नागरी विमान वाहतूक खातं हवामानाची माहिती बघून ठरवतं, आणि बंद म्हटलं की त्या भागातले सगळेच बलून जमिनीवर राहतात. दुसरी कंपनी गाठून, जास्त पैसे देऊन काही होत नाही. मी बाहेर आले तर झाडाचं पान हलत नव्हतं, आकाशात चांदण्या. मला वाटलं, हे आपल्याला फसवतायत. तसं नव्हतं. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्यातला हवा तो थर पकडून तो बलून नेतो. त्यामुळे खाली शांत असलं तरी वर जोराचा वारा असला की उडता येत नाही, आणि उतरायच्या वेळेला जमिनीलगत वारा वाढणार असेल तर बास्केट फरफटत जाऊ शकते. पहाटेची वेळही याचसाठी. ऊन तापलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठतात आणि हवा अस्थिर होते. सूर्योदयाच्या आसपासचा तास-दोन तासच सर्वांत भरवशाचे. म्हणजे त्या दिवशी सकाळी रद्द झालं की दुपारी उडू असं होत नाही. दुसरी संधी दुसऱ्या दिवशीच, आणि आमच्याकडे दुसरा दिवस नव्हता.

आम्ही दुपारी विमानात बसलो. त्यानंतर दोन दिवसांनी ते पुन्हा उडत होते, हॉटेलच्या मालकानेच फोटो पाठवला. चांगल्या मनाने पाठवला असणार. मी तो बाबांना दाखवला नाही.

आता पैशांचं. हवामानामुळे रद्द झालं तर तिथल्या कंपन्या साधारणपणे पैसे परत करतात किंवा दुसरी तारीख देतात. आमच्या कंपनीनेही लेखी कळवलं की चार सीट्सचे पैसे लावलेले नाहीत. ते पत्र घेऊन मी इथल्या बुकिंगच्या ऑफिसात गेले. त्यांनी माझंच बिल माझ्यासमोर ठेवलं. त्यावर छापलं होतं: ‘बलून राइड: कॉम्प्लिमेंटरी’. जे फुकट दिलं त्याचा परतावा कसला? पॅकेजचे पैसे आम्ही बलूनसाठीच जास्त मोजले होते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, पण कागदावर ते कुठेच नव्हतं. शिवाय सगळी रक्कम मी बँकेतून थेट ट्रान्सफर केली होती. कार्डाने भरले असते तर बँकेकडे निदान वाद तरी नोंदवता आला असता. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, ऑफिसने उत्तरात तेच बिल जोडलं. पाच महिने मेल, फोन, “साहेब मीटिंगमध्ये आहेत”, “पुढच्या आठवड्यात बघतो”. शेवटी मी सोडून दिलं. मला वकिली कळत नाही, ग्राहक मंचात गेले असते तर काय झालं असतं सांगता येणार नाही. पण इतकं पक्कं सांगते की बलूनची रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत लिहून घ्या, ‘कॉम्प्लिमेंटरी’ शब्द दिसला तर तो काढायला लावा, आणि रद्द झाल्यास किती दिवसांत, कोण, कोणाला पैसे देणार हे मेलवर घ्या. फोनवरचा शब्द धरू नका. शक्य असेल तर बलून पॅकेजमधून बाहेरच काढा आणि थेट तिथल्या कंपनीकडे किंवा हॉटेलमार्फत बुक करा. हॉटेलवाल्यांचं रोजचंच काम आहे ते, तारीख पुढे ढकलायची तर तेच सोपं पडतं.

तारखांबद्दल माझं मत ठाम आहे, काहींना पटणार नाही. पोहोचलात की पहिल्याच सकाळी बलून. रद्द झालं तर दुसरी, मग तिसरी. म्हणून रात्री किमान तीन हव्यात. तुमच्या दोन आहेत. इस्तंबूलमधली एक कमी करा आणि इकडे द्या. एवढं करूनही हमी नाही. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला सलग दोन-तीन दिवस बंद राहू शकतं, उन्हाळा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर त्या मानाने बरे. आमचं रद्द झालं ते ऑक्टोबरातच, तेव्हा ‘बरे’ या शब्दावरही फार विसंबू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण दिसतेय, जी एजंटच्या लक्षातच आलेली नाही. तुर्कस्तानने 2016 पासून घड्याळ वर्षभर उन्हाळी वेळेवरच, म्हणजे तासभर पुढे ठेवलंय. त्यामुळे तिथे हिवाळ्यात सूर्य फार उशिरा उगवतो. जूनमध्ये गोरेमेत सव्वापाचच्या आसपास, तर डिसेंबरच्या शेवटी जवळजवळ आठला. नोव्हेंबरच्या मध्यात सव्वासात उलटून जातात. त्यानंतर तासभर हवेत, मग उतरणं, बास्केटमधून बाहेर येणं, परंपरेने देतात ते शॅम्पेन किंवा सरबत, सर्टिफिकेट, व्हॅनने परत. हॉटेलवर यायला साडेनऊ सहज होतात. गोरेमे ते कायसेरी विमानतळ सत्तर किलोमीटरच्या वर आहे. साडेअकराच्या विमानासाठी तुम्हाला नऊला निघायला हवं. म्हणजे हवामान अगदी छान असलं तरी तुमचा बलून आणि तुमचं विमान यांतलं एकच मिळेल. नेवशेहिरचा विमानतळ जवळ आहे, साधारण चाळीस किलोमीटर, तिकडची वेळ जमते का बघा, पण त्याने वाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. मोठ्या स्टँडर्ड बास्केटमध्ये 28 पर्यंत माणसं असतात, कप्पे केलेले असतात, तीन चतुर्थांश तास ते तासभर उडतात. छोट्या बास्केटमध्ये गर्दी कमी आणि वेळ थोडा जास्त. आई-वडील बरोबर असतील तर मी छोटी घेईन, फोटोसाठी नव्हे, तर उतरताना खाली बसायला जागा मिळते म्हणून. स्टँडर्ड वाईट मुळीच नाही. एका जोडप्याला बजेट कमी असेल तर मी त्यांना तीच सांगेन आणि उरलेल्या पैशांत एक रात्र वाढवा म्हणेन.

कपडे: गोरेमे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, नोव्हेंबरच्या पहाटे कडाक्याची थंडी असते. पण सर्वांत जास्त गारठा बलून फुगवत असताना जमिनीवर उभं राहून लागतो, वर नाही. थरावर थर घाला. डोक्यावर टोपी हवीच, बर्नर (हवा तापवणारी गॅसची ज्योत) अगदी वर असतो आणि त्याची धग टाळूला जाणवते. बूट सपाट आणि पक्के, कारण बास्केटला दार नसतं, पाय ठेवायच्या खाचांवरून चढून आत जावं लागतं. आईला हे जमेल का ते घरीच, एखाद्या उंच ओट्यावर चढायला लावून बघा.

उतरण्याबद्दल मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा. पायलट सुरुवातीला दाखवतो: पाठ प्रवासाच्या दिशेला टेकवायची, गुडघे वाकवून खाली बसायचं, समोरचे दोर घट्ट धरायचे. बऱ्याचदा ते बास्केट थेट ट्रेलरवर उतरवतात, इतकं अलगद की कळतही नाही, पण कधी दणका बसतोच. आणि बास्केट टेकली म्हणून कोणीही घाईने उतरायचं नाही. एक माणूस कमी झाला की वजन घटतं आणि बलून पुन्हा उचलला जाऊ शकतो. हाडं ठिसूळ असतील, गुडघ्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही. गरोदर बायकांना घेत नाहीतच.

हे सगळं मला दुसऱ्या खेपेला कळलं. दोन वर्षांनी मी आणि नवरा पुन्हा गेलो, चार रात्री ठेवल्या. पहिल्या सकाळी लाल झेंडा, दुसऱ्या सकाळी हिरवा. बाबा नव्हते. मधल्या काळात त्यांची बायपास झाली होती आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. आम्ही दरीत इतके खाली गेलो होतो की जर्दाळूच्या झाडांचे शेंडे हाताला लागतील असं वाटत होतं, आणि मग वर, जिथून एर्जियेस डोंगराचं बर्फाचं टोक दिसतं. त्याच ज्वालामुखीच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या राखेचा हा सगळा मऊ दगड, वाऱ्या-पावसाने कोरलेला. सूर्य आला तेव्हा आधी सगळे बलून उजळले, खालच्या दऱ्या अजून निळ्याच होत्या.

उतरल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वर वारा फार लागतो का गं?” मी सांगितलं, लागतच नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच जात असतो. मेणबत्ती धरली तर विझणार नाही असं वाटतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे त्या लेखात नव्हतं.”

आईला चढणं जमणार नसेल किंवा भीती वाटत असेल तर आग्रह करू नका. गावाला लागून एक टेकडी आहे, सूर्यास्त बघायला सगळे जातात तीच, तिथून पहाटे बलून डोक्यावरून जाताना दिसतात. हॉटेल घेताना पूर्वेकडची गच्ची आहे का हेही विचारा. फक्त त्यांना गच्चीवर एकटं सोडून तुम्ही सगळे उडायला जाऊ नका, कोणीतरी एक जण त्यांच्याबरोबर थांबा. विमानाची नवी वेळ ठरली की इथे लिहा, त्या तारखेच्या सूर्योदयाशी जुळतं का ते मी बघून देते.